आपला देश निवडा!

वाय-फाय बंद पडलं की आपण काय करतो? राऊटरचं बटण बंद करायचं, मनात दहा आकडे मोजायचे, परत चालू करायचं. चाललं तर आपण इंजिनिअर, नाही चाललं तर कंपनी बोगस! पुण्या-मुंबईत एवढ्यावर भागतं. फार तर लॅपटॉप उचलून जवळचा कॅफे गाठायचा आणि एका कॉफीवर तीन तास काढायचे.

गावाकडून काम करून बघा बॉस! तिथे कॅफे नाही आणि कंपनीचा माणूस 'उद्या येतो' म्हणाला की तो उद्या नेमका कुठल्या आठवड्यातला, हे विचारायचं नसतं. मग फॉल्ट आपला आपणच शोधावा लागतो.

मी फ्रीलान्स पत्रकार. आई पाहुण्यांना सांगते तसं सांगायचं, तर 'घरूनच काहीतरी लिहिते'. मास कॉमची डिग्री, पुण्यात शेअरिंगचा फ्लॅट आणि वर्षातले तीन-चार महिने नांदगाव. नाशिक जिल्ह्यातलं, मनमाड सोडून भुसावळकडे जाताना लागतं ते. 'तिथे काय आहे?' असं कुणी विचारलं की मी ऐकवते, एकेकाळी वेरूळची लेणी बघायला निघालेले साहेबलोक आमच्याच स्टेशनवर उतरून पुढे टांग्याने जायचे. जरा वजन पडतं!

आमचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. दगडी भिंती, माजघरात आजीचं लोखंडी कपाट आणि पुढच्या खोलीत राऊटर. हे नेट माझ्यासाठी घेतलेलं नाही बरं का. ते आजीसाठी आहे.

साडेसातचा कॉल

आजी चौऱ्याऐंशी वर्षांची. तिची शाळेपासूनची मैत्रीण इस्रायलमध्ये, डिमोना नावाच्या गावात राहते. नेगेवच्या वाळवंटातलं गाव. आमच्या घरात त्यांना सगळे 'डिमोनाच्या आजी' म्हणतात. त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते आणि त्यांची क्वार्टर नांदगावात होती.

ही मंडळी बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. अलिबागजवळ नवगावला पूर्वजांचं गलबत फुटलं आणि वाचलेली माणसं तिथेच राहिली, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आडनावं गावावरून पडलेली - पेणकर, रोहेकर, किहीमकर. घरात भाषा मराठी. इंग्रजांच्या काळात यातले बरेच जण रेल्वेत, पोस्टात, पलटणीत नोकरीला लागले. किनाऱ्यावरचं एक कुटुंब आमच्या कोरड्या नांदगावात आलं ते असं. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि पुढच्या काही दशकांत हजारो बेने इस्रायली तिकडे गेले. आजीची मैत्रीण गेली १९६० च्या दशकात. आधी पत्रं, मग वर्षाकाठी एखादा ट्रंक कॉल, आणि आता व्हिडिओ कॉल. दर रविवारी आपल्याकडे संध्याकाळी साडेसात वाजता. तिकडे उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात चार.

गेल्या वर्षी हा कॉल नुसत्या गप्पांचा राहिला नाही. डिमोनाच्या आजी विसरायला लागल्या. आधी औषधांच्या वेळा, मग माणसांची नावं आणि मग चक्क हिब्रू. ही भाषा त्या विशी उलटल्यावर शिकल्या होत्या. अशा आजारात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि आईची भाषा टिकून राहते. त्यांचा मुलगा मोडकंतोडकं मराठी समजतो, पण तो दिवसभर कामावर. सोबत असते ती नात. तेवीस वर्षांची, नर्सिंग शिकते, मराठी शून्य. तिने मला इंग्रजीत मेसेज केला, 'सावता आता फक्त मराठी बोलते. तिला पाणी हवंय की बाथरूमला जायचंय, हेही मला कळत नाही.'

हिब्रूत आजीला 'सावता' म्हणतात. मला दर वेळी सावता माळीच आठवतात. पण तो मेसेज वाचून हसू आलं नाही.

मग रविवारच्या कॉलला नवीन काम लागलं. मैत्रीण बोलणार, आजी ऐकणार, मला सांगणार, मी इंग्रजीत टाइप करणार आणि नात वाचणार. रविवारी होतं म्हणून मधल्या वारीही व्हायला लागलं. आणि नेमकं तेव्हाच, संध्याकाळी, लॅपटॉपवरून वाय-फाय गायब!

तेरावा चॅनेल

फोनवर कॉल का नाही करत, असं विचाराल. आजीला फोनच्या स्क्रीनवर चेहरा दिसत नाही हो. तिला लॅपटॉपच लागतो. आणि गंमत म्हणजे फोनवर नेट व्यवस्थित चालू असायचं. फक्त लॅपटॉपला आमचं नेटवर्क दिसायचंच नाही. शेजारच्या चार घरांची दिसायची, आमचं नाही. राऊटर बंद-चालू केला की कधी यायचं, कधी नाही. हे 'कधी कधी' प्रकरण सगळ्यात वाईट. पूर्ण बंद पडलेली वस्तू शहाणी, तिचा आजार तरी कळतो.

अशा वेळी एक साधा फंडा आहे. नेट म्हणजे साखळी समजा आणि एकेक कडी ओढून बघा. राऊटरवर लाल दिवा लागलाय का? लागला असेल तर बहुतेक बाहेरून येणाऱ्या फायबरचा प्रॉब्लेम, घरात शोधून उपयोग नाही. दिवे नीट असतील तर लॅपटॉप वायरने राऊटरला जोडा. वायरने चाललं म्हणजे कंपनी सुटली, फॉल्ट हवेत आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राऊटरचं पान उघडतं का बघा (हा आकडा काही राऊटरला वेगळा असतो, खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो). ते उघडलं पण बाकी काहीच उघडत नसेल, तर पुढची कडी तपासायची. प्रत्येक पायरीला निम्मे संशयित कमी होतात. डिटेक्टिव्ह सिरियलपेक्षा बरं, कारण इथे शेवटी उत्तर मिळतंच.

आमच्याकडे वायरने सगळं चालत होतं. म्हणजे घोळ हवेतला. मग फोनवर एक फुकटचं अ‍ॅप टाकलं. कुठलं वाय-फाय कुठल्या चॅनेलवर बोलतंय, ते त्यात दिसतं. साधं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं आणि त्या पट्ट्याचे छोटे छोटे चॅनेल पाडलेले असतात. आमच्या गल्लीत बहुतेक सगळे ६ आणि ११ वर गर्दी करून बसलेले. आमचा राऊटर होता 'ऑटो'वर, म्हणजे मोकळी जागा बघून बसणारा. संध्याकाळी लाईट जाऊन आली की तो नव्याने चालू व्हायचा, गर्दी बघायचा आणि जाऊन बसायचा थेट तेराव्या चॅनेलवर.

आता लॅपटॉपची कुंडली ऐका. तो मामेभावाने न्यू जर्सीहून आणलेला. जुना झाला म्हणून मी त्यावर लिनक्स टाकलं आणि तो तरुण झाला. पण त्याच्या पोटातलं वाय-फाय कार्ड अमेरिकेच्या नियमांनी बांधलेलं. तिथे घरगुती वाय-फाय १ ते ११ याच चॅनेलवर चालतं. भारतात १३ पर्यंत चालतं. म्हणजे राऊटर भारतात होता, लॅपटॉप मनाने अजून अमेरिकेत. राऊटर तेराव्या चॅनेलवरून हाका मारतोय आणि याच्या लेखी तो चॅनेल अस्तित्वातच नाही! चूक कुणाचीच नाही. दोघंही आपापल्या देशाचा कायदा पाळत होते.

इलाज दोन मिनिटांचा. राऊटरच्या पानावर जाऊन 'ऑटो' काढलं आणि चॅनेल १ पक्का केला. मग राऊटर पुढच्या खोलीतून उचलून माजघराच्या दारावर टांगला, म्हणजे आजी आणि राऊटरच्या मधलं लोखंडी कपाट बाजूला झालं. लोखंड आणि जाड दगड, वाय-फायचे दोन पक्के शत्रू. शेवटी राऊटरला एक छोटा बॅटरी बॅकअप लावला, १२ व्होल्टचा मिळतो तो. लाईट गेली तरी कॉल चालू. त्या रविवारी दोघी पन्नास मिनिटं बोलल्या.

फोन ठेवल्यावर आजी म्हणाली, "हे झालं रविवारचं. बाकीच्या दिवशी त्या पोरीने काय करायचं? तिला लिहून दे की."

पण, पाणी, पुणे

लिहून दे म्हणजे काय, हे आजीच्या डोक्यात स्पष्ट होतं. रोज लागणारी मराठी वाक्यं हिब्रू अक्षरांत लिहायची, म्हणजे नात ती मोठ्याने वाचू शकेल. शेजारी हिब्रूत अर्थ. आणि पहिल्या रकान्यात आपली देवनागरी, म्हणजे आजीला तपासता येईल. अर्थ नातीने इंग्रजीवरून हिब्रूत करून पाठवले. राहिलं टायपिंग. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं?

एक तर हिब्रू उजवीकडून डावीकडे चालते, मराठी डावीकडून उजवीकडे. एका ओळीत दोन्ही आले की कंस उलटे फिरतात, अनुक्रमांक भलतीकडे जाऊन बसतो, पूर्णविराम हरवतो. दुसरं म्हणजे हिब्रूत रोजच्या लिखाणात स्वरांच्या खुणा जवळपास नसतातच. आपण काना, मात्रा, वेलांट्या काढून टाकल्या आणि नुसतं 'पण' लिहिलं तर ते पण, पाणी की पुणे? हिब्रू येणारा माणूस संदर्भाने ओळखतो. पण या पोरीला मराठीचा संदर्भच नाही. म्हणजे प्रत्येक अक्षराखाली 'निकुद' हवे. अक्षरांना लावायच्या टिंबांना आणि रेघांना निकुद म्हणतात. तिकडे मुलं सुरुवातीला त्यावरच वाचायला शिकतात.

लिनक्सवर कीबोर्ड जोडणं सोपं आहे. सेटिंगमध्ये जायचं, भाषांच्या यादीतून मराठी घ्यायची, हिब्रू घ्यायची. विंडोजच्या खुणेचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. आत मशिनच्या भाषेत दोन्ही कीबोर्डना दोन-दोन अक्षरी नावं आहेत, भारताचं 'आयएन' आणि इस्रायलचं 'आयएल'. पुन्हा देशच! मशिनला आधी सांगावं लागतं, तू आत्ता कुठे आहेस ते.

निकुद येतात उजवं ऑल्ट बटण दाबून धरल्यावर. ठेवणारा माणूस हुशार. 'पातह' या स्वराची खूण 'पे' अक्षराच्या बटणावर, 'कामात्स'ची 'कोफ'च्या बटणावर, 'हिरिक'ची 'हेत'च्या बटणावर. स्वराच्या नावाचं पहिलं अक्षर धरलंय. हे कळलं की पाठांतर लागत नाही. आधी अक्षर, मग खूण.

तरी पहिल्या दिवशी टिंबं अक्षराखाली न बसता शेजारी जाऊन उभी राहिली. पुन्हा साखळी. बटण बरोबर दाबलं जातंय का? हो, अक्षर येतंय. खूण येतेय का? येतेय, पण जागा चुकतेय. म्हणजे कीबोर्ड सुटला, संशय फॉन्टवर. मी लिबरऑफिसमध्ये काम करत होते. तिथे देवनागरी आणि हिब्रू दोन्ही लिप्या 'कॉम्प्लेक्स' या एकाच गटात टाकलेल्या आहेत आणि गटाला फॉन्ट एकच. मी तिथे देवनागरीचा फॉन्ट लावलेला. त्यात हिब्रू अक्षरंच नाहीत, म्हणून संगणक हिब्रूसाठी मिळेल तो फॉन्ट वापरत होता. मग तीन रकान्यांचा तक्ता केला, हिब्रूच्या रकान्यांना उजवीकडून डावीकडे दिशा दिली आणि 'कुलमुस' या फुकट मिळणाऱ्या हिब्रू फॉन्टच्या संचातला एक फॉन्ट लावला. टिंबं आपापल्या जागी बसली. तक्त्यामुळे कंस आणि आकडेही जागेवर आले.

हे सगळं फुकट मिळतं, पण आपोआप झालेलं नाही. मराठीसाठी मी वापरते तो 'लोहित' फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि पुढे पुण्यातल्या इंजिनिअर्सनी सांभाळला. अक्षरं आणि खुणा एकमेकांना नीट जोडण्याचं काम करतो 'हार्फबझ' नावाचा प्रोग्रॅम. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, मराठीत 'शब्दाचा हरफ' म्हणतो तोच. तो उभा केला बेहदाद एस्फाहबोद या इराणमध्ये जन्मलेल्या प्रोग्रॅमरने. आपली जोडाक्षरं आणि हिब्रूची टिंबं, दोन्ही हाच प्रोग्रॅम मांडतो. क्रोममध्ये हाच, अँड्रॉइडमध्ये हाच. कुणाला तरी आपल्या भाषेसाठी बसून हे करावंसं वाटलं, म्हणून माझ्या जुन्या लॅपटॉपवर मला ते एका संध्याकाळी वापरता आलं.

दगडावरची हिब्रू

मराठी आणि हिब्रू एका पानावर आणायची खटपट करणारी मी काही पहिली नाही. १८३२ मध्ये मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं होतं. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे, तेच. १८४६ मध्ये मुंबईतच 'हगादा' मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघालं. हगादा म्हणजे ज्यूंच्या वल्हांडणाच्या रात्री घरात सगळ्यांनी मिळून वाचायचं पुस्तक. १८७४ मध्ये पुण्यात आणखी एक निघालं, चित्रांसह. त्यातल्या चित्रांत बायका साड्या नेसलेल्या आहेत!

शिळाछाप म्हणजे तेलकट शाईने हाताने लिहायचं आणि ते दगडावरून छापायचं. ना कीबोर्ड, ना फॉन्ट. अक्षर डावीकडून येवो की उजवीकडून, हात फिरवला की झालं. त्या माणसांपुढे प्रश्न आमच्यासारखाच होता, फक्त उलटा. हिब्रूत लिहिलेलं घरातल्या मराठी माणसांना कळायला हवं, म्हणून ते पुस्तक. आता मराठीत बोललेलं घरातल्या हिब्रू माणसांना कळायला हवं, म्हणून आमचा तक्ता.

सत्तेचाळीस वाक्यं

वाक्यं आजीने निवडली. मी 'तुम्हाला कसं वाटतंय?' वगैरे लिहायला घेतलं, तर म्हणाली, "असं कोण बोलतं? 'बरं वाटतंय का गं?' असं लिही." तसं लिहिलं. पाणी पाहिजे का. भूक लागली का. दुखतंय का कुठे. मी आहे इथेच. झोप आता. अशी चाळीस झाली.

लिहिताना मराठी नव्याने कळली. आपण 'चहा' आणि 'चमचा' एकाच 'च'ने लिहितो आणि दोन वेगळे उच्चार करतो. हिब्रूत चमच्याच्या 'च'ला स्वतंत्र अक्षर आहे, 'त्सादी'. चहाचा 'च' हवा तर त्याच अक्षराला वर एक छोटी तिरकी रेघ द्यायची. हे दोन उच्चार वेगळे दाखवण्यात ती लिपी आपल्यापेक्षा चोख! पण 'ण' नाही, 'ळ' नाही. 'ट' आणि 'त' ऐकायला सारखेच. तेवढं सोडून दिलं.

फाइल पीडीएफ करून पाठवली, म्हणजे त्यांच्या फोनवर फॉन्ट असो-नसो, टिंबं हलणार नाहीत. पुढच्या रविवारी नातीने वाचून दाखवलं, "पानी पायजे का?" आजी खूश. "अगं, ही तर आपल्या इकडचीच वाटते!" नांदगावच्या पुढे खानदेशात अगदी असंच बोलतात. डिमोनाच्या आजींनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दे." एवढंच. नातीने ग्लास पुढे केला.

मग नवीन मागण्या यायला लागल्या. एके दिवशी तिने दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलं. सावता रोज संध्याकाळी खिडकीशी बसून एकच वाक्य विचारते, मुलालाही ते उमगत नाही, तुमच्या यादीतही ते नाही. काय म्हणतेय ती?

आवाज पुसट होता. मी दोनदा ऐकलं, मला कळलं नाही. आजीला एकदाच ऐकवलं. "गाडी गेली का गं?" आजी म्हणाली. क्वार्टरच्या खिडकीतून रूळ दिसायचे. वडिलांची ड्यूटी असली की ती खिडकीशी बसून हेच विचारायची.

"मग नातीने काय उत्तर द्यायचं?" मी विचारलं.

आजीने जरा वेळ घेतला. मग म्हणाली, "लिही. 'नाही गेली अजून. वेळ आहे.'"

तक्त्यातलं ते सत्तेचाळिसावं वाक्य. 'गाडी' लिहायला गिमेल, दालेत, योद. 'ग'खाली एक खूण, 'ड'खाली एक. मशिनला देश सांगितलेला होता, त्यामुळे टाइप करायला मिनिटही लागलं नाही. रात्री नातीचा मेसेज आला. तिने उत्तर वाचून दाखवलं होतं. सावता 'बरं' म्हणाली आणि जेवायला उठली.